अणूच्या मागे आठ दिवस: मँचेस्टर ते जिनिव्हा

ही ट्रिप खरं तर मावशीची. तिने एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, रदरफर्डचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग दरवर्षी फळ्यावर काढला, आणि रिटायर झाल्यावर एक दिवस सहज म्हणाली, मला ती जागा एकदा बघायचीय गं जिथे हे झालं. मी म्हटलं चल. नकाशा घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की अणू सापडणं, मग तो फुटणं, मग त्याच्या आतले कण एकेक करून हाती लागणं, यातला केवढा तरी भाग ट्रेनने फिरता येईल एवढ्या टापूत घडलाय. अमेरिकेतला भाग राहिला, तो पुन्हा कधीतरी.

दिवस पहिला, मँचेस्टर

सुरुवात डाल्टनपासून करायची हे मावशीने आधीच ठरवून टाकलं होतं. चेस्टर स्ट्रीटवर युनिव्हर्सिटीच्या इमारतीबाहेर त्याचा खुर्चीत बसलेला पुतळा आहे, येणारे जाणारे विद्यार्थी त्याच्याकडे बघतही नाहीत. आपल्यालाही डाल्टन म्हटलं की शाळेतलं एकच वाक्य आठवतं, अणू अविभाज्य असतो, आणि ते चुकीचं निघालं एवढं सांगून आपण पुढे जातो. मावशीला याचा मनापासून राग येतो. तिचं म्हणणं असं की अणू आहेत असं तर लोक दोन हजार वर्षं म्हणत आले होते, डाल्टनने काय केलं तर प्रत्येकाला वजन दिलं.

आणि तो तिथे पोचला हवामानावरून, हे मला अजिबात माहीत नव्हतं. हा माणूस १७८७ पासून रोज तापमान, पाऊस, हवेचा दाब वहीत लिहायचा, तब्बल ५७ वर्षं, २ लाखांच्या वर नोंदी. शेवटची नोंद मरायच्या आदल्या दिवशीची, २६ जुलै १८४४, आज थोडा पाऊस, एवढीच. तर हवा मोजता मोजता त्याला प्रश्न पडला की ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड, मग तो खाली का बसत नाही, सगळीकडे सारखा मिसळलेला कसा. त्या विचारातून १८०३ मध्ये अणूंच्या वजनांचा पहिला तक्ता आला, हायड्रोजन १ धरून बाकीचे त्याच्या पटीत. पाण्यात एक हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन असं त्याने धरलं त्यामुळे आकडे चुकले, पण पद्धत बरोबर होती.

तो जिथे काम करायचा ती जॉर्ज स्ट्रीटवरची मँचेस्टर लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीची इमारत १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, त्याची बरीच कागदपत्रं त्यात गेली. आम्ही तरी त्या रस्त्याने शेवटपर्यंत चालत गेलो, बघण्यासारखं काही उरलं नाहीये हे माहीत असून.

दिवस दुसरा, मँचेस्टर

ज्यासाठी आलो तो दिवस. कूपलंड स्ट्रीटवरची लाल विटांची इमारत, आता रदरफर्डच्याच नावाने ओळखली जाते, आत युनिव्हर्सिटीची भलतीच कामं चालतात. आम्ही बाहेर पाटीपाशी उभ्या. मावशी काहीच बोलेना. मग म्हणाली, दरवाजा किती साधा आहे.

प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, पण तो प्रत्यक्ष करणं म्हणजे काय होतं ते तिने तिथे उभं राहून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. १९०९, गायगर आणि त्याच्या हाताखाली विशीतला मार्सडेन, ज्याची डिग्रीसुद्धा व्हायची होती. अल्फा कण, म्हणजे रेडियमसारख्या पदार्थातून आपोआप निघणारे धन भाराचे जड कण, वर्खावर सोडायचे, ते पलीकडच्या झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळले की सुईच्या टोकाएवढी चमक होते, ती मायक्रोस्कोपमधून बघायची आणि मोजायची. त्यासाठी आधी काळोख्या खोलीत अर्धा तास नुसतं बसून राहायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग एका वेळी मिनिटभरच मोजायचं कारण त्यापुढे डोळा फसवायला लागतो, मग विश्रांती, मग परत. रदरफर्डने एका मित्राला पत्रात लिहिलं होतं की गायगर रात्रभर न कंटाळता मोजू शकतो, मी मात्र दोन मिनिटांत शिव्या घालत उठलो. आणि त्या हजारो चमकांमध्ये काही अशा निघाल्या ज्या उलट्या बाजूला होत्या, म्हणजे कण धातूच्या पातळ पत्र्यावर आपटून मागे फिरला होता, साधारण ८००० मागे एक. रदरफर्डचं त्यावरचं बोलणं प्रसिद्ध आहे, टिश्यू पेपरवर १५ इंची तोफगोळा मारावा आणि तो परत येऊन आपल्यालाच लागावा तसं. पण याचा अर्थ लावायला त्याला १९११ उजाडलं. अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या एका अतिशय छोट्या जागेत, म्हणजे केंद्रकात, बाकी सगळं रिकामं.

किती रिकामं ते बघ, असं म्हणून मावशीने खरंच रस्त्याच्या कडेचा मोहरीएवढा खडा उचलून फुटपाथवर ठेवला. म्हणाली हे सोन्याचं केंद्रक, आता माझ्याबरोबर चल. आम्ही मोठ्या पावलांनी चालत सुटलो, ती मोजत होती, पंचवीस पावलांवर थांबली. साधारण वीस मीटर. म्हणाली इथे अणू संपतो, आणि मधे फक्त ७९ इलेक्ट्रॉन. मी मागे वळून तो खडा शोधायचा प्रयत्न केला, अर्थातच दिसला नाही, पण त्या पंचवीस पावलांनी मला जे कळलं ते पुस्तकातल्या एक भागिले दहा हजार वगैरेने कधीच कळलं नव्हतं.

याच डिपार्टमेंटमधून रदरफर्डने पुढे अल्फा कण नायट्रोजनवर मारून त्यातून हायड्रोजनचं केंद्रक बाहेर काढलं, १९१९ ला ते छापून आलं, १९२० मध्ये त्याला प्रोटॉन नाव दिलं. अणूचं मॉडेल मांडणारा नील्स बोरही १९१२ मध्ये इथेच येऊन राहिला. मोसली इथे होता, ज्याने क्ष-किरण मोजून प्रत्येक मूलद्रव्याला त्याचा खरा क्रमांक दिला आणि १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या युद्धात २७ व्या वर्षी गेला. मावशीला त्याच्याबद्दल बोलताना अजूनही वाईट वाटतं.

आणखी एक नाव, जे पाटीवर नाही. बिभा चौधरी, भारतीय भौतिकशास्त्रज्ञ. डी. एम. बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर फोटोग्राफिक प्लेटा ठेवून कॉस्मिक किरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचे, माग काढले, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या मधल्या वजनाचा कण त्यांना दिसत होता, पण दुसऱ्या महायुद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनात आणि काम तिथे अडलं. पुढे १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या पॉवेलच्या गटाने तशाच पद्धतीने पायॉन नावाचा असाच मधल्या वजनाचा कण पक्का केला, पॉवेलला १९५० चं नोबेल मिळालं. बिभा चौधरी मँचेस्टरला ब्लॅकेटच्या गटात पीएचडी करत होत्या, त्याच सुमारास त्याच गटातल्या रोचेस्टर आणि बटलरला क्लाउड चेंबरच्या, म्हणजे कणांचे माग वाफेत दाखवणाऱ्या पेटीच्या, फोटोत इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन माग दिसले आणि 'विचित्र' याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कणांचं आख्खं प्रकरण सुरू झालं. मावशी म्हणाली मी एकतीस वर्षांत एकाही बॅचला या बाईंचं नाव सांगितलं नाही, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. हे ती दिवसभरात तीनदा म्हणाली.

दिवस तिसरा, केंब्रिज

फ्री स्कूल लेन म्हणजे एवढीशी बोळ, दोन माणसं शेजारी चालली की भरली. जुनी कॅव्हेंडिश लॅब इथली, १८७४ ची, लॅब आता शहराबाहेर हलवलीय पण दगडी कमान आणि थॉमसनच्या इलेक्ट्रॉनची पाटी आहे. कॅथोड किरण, म्हणजे हवा काढलेल्या काचेच्या नळीत वीज सोडली की ऋण टोकाकडून निघणारे किरण, हे नेमके काय यावर तेव्हा दोन तट होते, लाटा का कण. हर्ट्झने विजेने ते वाकवून बघायचा प्रयत्न केला होता, वाकले नाहीत, कारण नळीत हवा शिल्लक राहत होती. थॉमसनने हवा आणखी काढली आणि किरण वाकले. मग भार आणि वस्तुमानाचं गुणोत्तर काढलं तर नळीत कुठलाही वायू घ्या, कुठल्याही धातूचं टोक घ्या, उत्तर तेच. म्हणजे हे कण सगळ्याच पदार्थांत आहेत, आणि हायड्रोजनच्या अणूपेक्षा हजारपटीहून हलके. अविभाज्य अणूचा पहिला तुकडा तो.

थॉमसनचे हात प्रयोगाच्या बाबतीत फारसे चालायचे नाहीत, काचेच्या नळ्या फुंकणारा त्याचा मदतनीस एव्हरेट त्याला नाजूक सामानाला हात लावू द्यायचा नाही. मला वाटतं एव्हरेटचं नाव पाटीवर असायला हरकत नव्हती.

आत आवारात मॉन्ड लॅबच्या विटांच्या भिंतीवर एक मगर कोरलीय, रदरफर्डला त्याचा रशियन सहकारी कापित्सा मगर म्हणायचा म्हणून त्यानेच १९३३ मध्ये करून घेतली. फोटो काढला, पुढे गेलो.

केंब्रिजला माझ्या डोक्यात राहिला तो रदरफर्डचा सहकारी चॅडविक. १९३२ च्या जानेवारीत पॅरिसहून आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरींचा पेपर आला, बेरिलियममधून निघणारे कसलेतरी भारहीन किरण मेणावर पडले की प्रोटॉन उडतात, आणि ते किरण म्हणजे गॅमा, क्ष-किरणांसारखेच पण जास्त ऊर्जेचे, असावेत असं त्यांनी लिहिलं होतं. रदरफर्ड ऐकून म्हणाला, माझा विश्वास नाही. चॅडविक कामाला लागला. त्याच्याकडचं पोलोनियम बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलातल्या वापरून झालेल्या रेडॉनच्या नळ्यांमधून आलेलं होतं. त्याने वेगवेगळ्या पदार्थांतून किती वेगाने केंद्रकं उडतात ते मोजलं, आणि हिशोब एकाच गोष्टीने जुळत होता, प्रोटॉनएवढ्या वजनाचा, भार नसलेला कण. रोज रात्री जेमतेम तीन तास झोप काढून त्याने हे केलं, १७ फेब्रुवारीला पत्र लिहिलं, न्यूट्रॉन. नंतर सहकाऱ्यांना सांगितल्यावर म्हणाला की आता मला क्लोरोफॉर्म देऊन पंधरा दिवस झोपवून ठेवा.

दिवस चौथा, लंडन

धावतपळत झालेला दिवस. अल्बेमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशन बघितलं, ३० एप्रिल १८९७ च्या संध्याकाळी थॉमसनने आपला कण इथल्या व्याख्यानात पहिल्यांदा जाहीर केला आणि ऐकणाऱ्यातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला वाटलं की हा आपली चेष्टा करतोय.

दुपारी वेस्टमिन्स्टर ॲबे. न्यूटनच्या थडग्याजवळ जमिनीत रदरफर्ड, थॉमसन, गुरू शिष्य जवळजवळ. आणि डिराकची फरशी, तिच्यावर त्याचं समीकरण कोरलंय. पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, कुणाला दिसायच्या आधी या समीकरणातून निघाला, १९३२ मध्ये अँडरसनला कॉस्मिक किरणांच्या फोटोत त्याचा माग सापडला. मावशी वाकून ती अक्षरं नीट वाचत होती, मागे लोक खोळंबले होते, मी काही तिला हलवलं नाही.

दिवस पाचवा, पॅरिस

सकाळी ट्रेनने आलो आणि सामान टाकून थेट झार्दें दे प्लांत. बागेच्या एका कडेच्या इमारतीवर बेकेरेलची पाटी आहे, १ मार्च १८९६. युरेनियमचा क्षार उन्हात ठेवून त्यातून क्ष-किरण निघतात का हे तो बघत होता, पण फेब्रुवारीअखेर आभाळ भरलेलं, म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची प्लेट आणि क्षार ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. मग ऊन नाही तर नाही, तशीच धुऊन बघितली, तर ठसा स्पष्ट. आभाळ भरलं म्हणून शोध लागला असं सांगतात लोक, मावशीला ते पटत नाही, ती म्हणते आभाळ तर सगळ्यांचंच भरलं होतं, न उमटलेली असणार असं वाटत असताना प्लेट धुऊन बघायची बुद्धी त्याला झाली.

संध्याकाळी पँथिऑनचं तळघर. मेरी आणि पिएर क्युरी इथे १९९५ मध्ये आणले, मेरीच्या शवपेटीला आतून शिसं लावलेलं आहे. पण आम्हाला इथे आणखी एक माणूस हवा होता, झाँ पेराँ. १९०५-०६ पर्यंत चांगले चांगले शास्त्रज्ञ म्हणत होते की अणू ही हिशोबाची सोय आहे, खरी वस्तू नाही. पेराँने १९०८ मध्ये गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे अगदी सारख्या आकाराचे कण करून पाण्यात सोडले, आणि मायक्रोस्कोपखाली वेगवेगळ्या उंचीवर किती कण तरंगतात ते मोजलं, एकेक, हजारो. डोंगरावर हवा जशी विरळ होत जाते तसे हे कण वर वर विरळ होत जातात, फक्त किलोमीटरच्या जागी मिलिमीटरचा शंभरावा भाग वगैरे. त्यावरून ॲव्होगाड्रोचा आकडा, म्हणजे पदार्थाच्या ठरावीक वजनात किती अणू-रेणू असतात तो, काढला, आणि इतर वेगळ्या वाटांनी काढलेला आकडाही त्याच्याशी जुळला. १९०९ मध्ये कट्टर विरोधक ओस्टवाल्डने लिहून मान्य केलं की अणू आहेत. कुणी अणू पाहिला म्हणून नाही गं, मोजला म्हणून, असं मावशी त्या थंडगार तळघरात मला म्हणाली, आणि मग मला मागचे चार दिवस एकदम वेगळेच दिसायला लागले, डाल्टनच्या वह्या, अंधारात बसलेला मार्सडेन, सगळेच.

दिवस सहावा, पॅरिस

क्युरी म्युझियम दुपारी उघडतं. मेरीचं ऑफिस, तिची केमिस्ट्रीची लॅब, मागे बाग. लॅबमधला किरणोत्सर्ग १९८१ मध्ये साफ करून घेतला तेव्हा कुठे ती लोकांना बघता आली. ज्या गळक्या शेडमध्ये रेडियम काढलं ती आता नाही. टनावारी पिचब्लेंडचा, म्हणजे युरेनियमच्या खनिजाचा, चोथा उकळून ढवळून १९०२ पर्यंत हातात आलं ते ग्रॅमचा दहावा भाग रेडियमचा क्षार.

पण मावशी थांबली ती मोजायच्या उपकरणापाशी, पिएर आणि त्याच्या भावाच्या शोधावर उभं असलेलं क्वार्ट्झचं. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन टांगलं की तिच्यात अगदी मोजका विद्युतभार तयार होतो, आणि युरेनियममुळे हवेतून वाहणारा भार त्याने बरोबर तोलून धरायचा, एका हातात वजन, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, डोळा प्रकाशाच्या ठिपक्यावर. तो ठिपका हलू न देणं हे सगळं कसब. मेरीला दिसलं की आकडा फक्त युरेनियम किती आहे यावर ठरतो, गरम करा, भिजवा, दुसऱ्या कशात मिसळा, फरक नाही. म्हणजे हे रसायन नव्हे, हे अणूच्या आतून येतंय. केंद्रकाचं नावही निघालं नव्हतं तेव्हाची गोष्ट.

आयरीन आणि फ्रेडरिक याच इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. न्यूट्रॉन त्यांच्या टेबलावर होता. तिथे उभं राहून ते फार लागतं मनाला. अर्थात दोन वर्षांत त्यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला आणि १९३५ मध्ये चॅडविकला फिजिक्सचं आणि यांना केमिस्ट्रीचं नोबेल एकाच वर्षी मिळालं.

दिवस सातवा, टीजीव्ही

पॅरिस ते जिनिव्हा तीन तासांच्या वर थोडं. याच गाडीची एक गोष्ट आहे. सर्न ही जिनिव्हाजवळची कणांवर काम करणारी युरोपची प्रयोगशाळा. तिथे आता जिथे एलएचसी, म्हणजे प्रोटॉनची टक्कर करणारं मोठं मशीन, आहे त्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ ते २००० एलईपी नावाचं मशीन होतं, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर करणारं, झेड बोसॉन नावाच्या जड कणाचं वस्तुमान अतिशय बारकाईने मोजायला. तर त्यांच्या मोजमापात ऊर्जा किंचित हलायची. एक कारण निघालं चंद्र, भरती-ओहोटीसारखी जमीनही उचलली जाते आणि २७ किलोमीटरचं कडं मिलिमीटरभर ताणलं जातं. दुसरं कारण बरीच वर्षं सापडेना, दिवसा गडबड आणि मध्यरात्रीनंतर काही तास शांत. ते निघालं जिनिव्हा पॅरिस रेल्वे, रुळातून जमिनीत गळणारा करंट बोगद्यातल्या नळीतून वाट काढत होता. मावशी जिनिव्हा येईपर्यंत खिडकीतून खाली रुळांकडे बघत होती.

दिवस आठवा, सर्न

१८ नंबरची ट्राम शेवटपर्यंत जायची की सर्नचं दार. रस्त्यावरून आडव्या टाकलेल्या मोठ्या नळ्यांसारखी सायन्स गेटवेची इमारत, २०२३ मध्ये उघडली, तिकीट नाही. मशीन चालू असताना खाली उतरता येत नाही, ते शंभर मीटर खोल आहे, त्यामुळे वरचंच बघायचं. गाइडेड टूरमध्ये सर्नचं पहिलं मशीन दाखवलं, १९५७ चं सिंक्रोसायक्लोट्रॉन, एका हॉलमध्ये मावणारं.

एलएचसीचे आकडे तिथे प्रत्येक भिंतीवर आहेत, १२३२ मोठे चुंबक, तापमान १.९ केल्विन म्हणजे उणे २७१ अंश सेल्सियस, प्रोटॉन सेकंदाला ११ हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. मला सगळ्यात धक्का बसला तो वेगळ्याच आकड्याने, प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात आणि त्यातल्या साधारण हजारेक वेळांचीच नोंद ठेवली जाते, बाकी सगळं तिथल्या तिथे टाकून द्यावं लागतं. काय ठेवायचं ते इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर ठरवतात. हिग्ज बोसॉन, म्हणजे कणांना वस्तुमान कसं मिळतं या सिद्धांतातून आधीच भाकीत केलेला कण, साधारण अब्ज टकरींमागे एक, आणि तोही दिसत नाही, लगेच फुटतो, त्याचे दोन फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण वगैरे पकडून ऊर्जा मोजायची, आलेखावर १२५ जीईव्हीपाशी (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) थोडासा उंचवटा येतो का बघायचं. ४ जुलै २०१२ ला तो जाहीर झाला तेव्हा १९६४ मध्ये तो कण असावा असं मांडून तेव्हापासून थांबलेले पीटर हिग्ज सभागृहात डोळे पुसत होते. मावशी म्हणाली मार्सडेनचंच काम आहे हे, फक्त डोळे बदलले. आणि मधल्या काळात अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६८ च्या सुमारास प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारले तेव्हाही तेच झालं होतं, अपेक्षेपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात उडाले आणि आत आणखी छोटे कण, क्वार्क, आहेत हे कळलं. अणूच्या बाबतीत जे १९०९ ला झालं ते प्रोटॉनच्या बाबतीत साठ वर्षांनी.

मग आम्हाला क्लाउड चेंबर सापडलं. काचेखाली काळा थंड तळ, त्यावर अल्कोहोलच्या वाफेचा थर, आणि त्यात सतत पांढऱ्या रेषा उमटतात आणि विरतात. पातळ लांब सरळ रेघ म्हणजे बहुधा म्युऑन, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, वर वातावरणात तयार होऊन आलेला, आयुष्य सेकंदाचे दोन दशलक्षांश भाग, वेगामुळे त्याचा काळ आमच्या हिशोबाने लांबतो म्हणून जमिनीपर्यंत पोचतो, आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातोय आत्तासुद्धा. आणि आखूड जाड शेपटीसारखी, विमानामागच्या धुरासारखी रेघ म्हणजे अल्फा. तोच, रदरफर्डचा. एक अगदी आमच्या समोर उमटली, बोटाच्या दोन पेरांएवढी, कडेने थोडी पिंजत गेली, खाली बसली, गेली. मावशीने आयुष्यभर फळ्यावर खडूने काढलेला अल्फा कण पहिल्यांदा बघितला.

बाकीचे लोक येऊन फोटो काढून पुढे जात होते. तिने पर्समधून वही काढली, काचेवर पंजा ठेवला आणि म्हणाली, एवढ्या जागेतले फक्त जाड, तू घड्याळ धर. मी मिनिट लावलं. ती ओठातल्या ओठात मोजत होती, पापणी न हलवता. सतरा. वहीत लिहिलं, पुढे वेळ घातली, मग डोळे चोळले आणि घड्याळ माझ्या हातातून घेत म्हणाली, आता तू मोज, मी धरते.